जिम थॉर्पची गोष्ट सांगणारा माणूस

वॉर्नर ब्रदर्सचा ‘जिम थॉर्प – ऑल-अमेरिकन’ हा १९५१ चा चित्रपट एका मेजवानीपासून सुरू होतो. सभागृहात ओक्लाहोमा राज्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली आहेत आणि सत्कारमूर्तीची ओळख करून द्यायला एक वयस्कर प्रशिक्षक उभा राहतो. त्याचं नाव ग्लेन वॉर्नर, सगळ्यांचा ‘पॉप’ वॉर्नर. चित्रपट कंपनीशी त्याचं नातं फक्त आडनावापुरतं. पुढचे पावणेदोन तास आपण थॉर्पचं आयुष्य या वॉर्नरच्या तोंडून ऐकतो. चार्ल्स बिकफर्डने ही भूमिका अशा वडीलधाऱ्या आवाजात केली आहे की त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असं प्रेक्षकाला वाटत नाही.

मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे आणि तो मला आवडतो. बर्ट लँकेस्टर तरुणपणी सर्कशीत कसरती करत असे. धावताना, उडी मारताना त्याच्या शरीरात ती चपळाई दिसते. ‘कॅसाब्लांका’चा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यानेच हा चित्रपट केला, आणि प्रसंग कुठे आवरायचा हे त्याला नेमकं कळत होतं. पण थॉर्पचं खरं आयुष्य वाचून झाल्यावर पुन्हा हा चित्रपट पाहिला की अस्वस्थ व्हायला होतं. ज्या माणसाने सर्वांत अवघड घडीला थॉर्पवरून हात झटकले, त्यालाच हॉलिवूडने थॉर्पच्या आयुष्याचा सूत्रधार करून टाकलं. हे कसं घडलं, ते समजायला मागे जावं लागतं.

जिम थॉर्प १८८७ च्या सुमारास जन्मला, तेव्हा ओक्लाहोमा हे राज्य नव्हतंच. तो मूलनिवासी जमातींसाठी राखून ठेवलेला ‘इंडियन टेरिटरी’ नावाचा प्रदेश होता. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा; आईकडून पोटावाटोमी रक्तही होतं. १८८७ मध्येच अमेरिकी संसदेने जमातींच्या सामाईक जमिनी तोडून माणशी तुकडे वाटण्याचा कायदा केला. वाटपानंतर उरलेली जमीन ‘जादा’ ठरली आणि सॅक अँड फॉक्सची अशी जमीन १८९१ साली गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. जिमचं बालपण या उलथापालथीत गेलं. जुळा भाऊ चार्ली नऊ वर्षांचा असताना न्यूमोनियाने गेला, काही वर्षांनी आई गेली. शाळेतून तो वारंवार पळून घरी येई. चित्रपटातही तो पळतो, पण तिथे हे पळणं एका जन्मजात धावपटूचं कौतुक म्हणून येतं. ज्या शाळेतून मुलगा पळतो ती शाळा कशी होती, हे चित्रपट विचारत नाही.

१९०४ मध्ये वडिलांनी त्याला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये पाठवलं, आणि थोड्याच काळात तेही वारले. रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली एका जुन्या लष्करी छावणीत ही शाळा काढली होती. मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे आपलं तत्त्व प्रॅटने जाहीर भाषणात सांगितलं होतं. आल्या दिवशी मुलांचे केस कापत, गणवेश चढवत, इंग्रजी नाव देत. आईची भाषा बोललं तर शिक्षा होई. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, शिंपीकाम, धुणं. काही महिने गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी राबायला पाठवण्याचीही पद्धत होती. थॉर्पही तसा राबला. हजारो मुलं या शाळेतून गेली. क्षयाने आणि साथीच्या रोगांनी कित्येक तिथेच मेली, आणि शाळेच्या दफनभूमीत १८० हून अधिक थडगी उभी राहिली.

या शाळेला बाहेरच्या जगात नाव मिळवून दिलं ते अमेरिकन फुटबॉलने. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया अशा बड्या विद्यापीठांशी कार्लाइलची मुलं खेळत. अंगाने लहान, पण वेगवान आणि डावपेचात हुशार असलेल्या या संघाला पाहायला गर्दी लोटे. तिकिटांचा पैसा क्रीडा निधीत जमा होई आणि त्या निधीच्या किल्ल्या प्रशिक्षक वॉर्नरच्या हाती होत्या. वॉर्नर हा प्रतिभावान प्रशिक्षक होता, यात वाद नाही. अमेरिकन फुटबॉलच्या अनेक रचनांवर त्याची छाप आहे. १९०७ मध्ये मैदानाच्या कडेने जाणाऱ्या थॉर्पने कामाच्या कपड्यांत, वरच्या वर्गातल्या मुलांना न साधलेली उंच उडी सहज मारली आणि वॉर्नरचं लक्ष गेलं, अशी हकिकत सांगतात. पुढे १९११ साली कार्लाइलने हार्वर्डला १८-१५ असं हरवलं, त्यात एकट्या थॉर्पने चार मैदानी गोल मारले. १९१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला २७-६ ने लोळवलं. अकादमीच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ज्या सैन्याने या मुलांच्या आजोबांशी युद्ध केलं, त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर होते. कार्लाइलच्या खेळाडूंना त्या सामन्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मधल्या काळात एक साधी गोष्ट घडून गेली होती. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात रॉकी माउंट आणि फेएटव्हिल या गावांच्या बेसबॉल संघांतून खेळला. पहिल्या वर्षी कार्लाइलचे आणखी दोघे त्याच्याबरोबर गेले होते. मोबदला किरकोळ, राहण्याजेवण्यापुरता. त्या काळी महाविद्यालयांतले कितीतरी गोरे खेळाडू सुट्टीत असे पैसे घेऊन खेळत आणि ‘हौशी’ हा शिक्का टिकवण्यासाठी खोटी नावं लावत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. त्याचं नाव तिथल्या वर्तमानपत्रांत छापून येत होतं. १९११ मध्ये वॉर्नरनेच त्याला ऑलिंपिकची आशा दाखवून शाळेत परत बोलावलं.

स्टॉकहोमला १९१२ च्या जुलैत थॉर्पने जे केलं, त्याला तोड नाही. पेंटॅथलॉनच्या पाच प्रकारांपैकी चारांत तो पहिला आला आणि सुवर्णपदक घेतलं. लांब उडी आणि उंच उडीच्या स्वतंत्र स्पर्धांतही तो उतरला. उंच उडीत चौथा आला. मग डेकॅथलॉन, म्हणजे धावणं, अडथळ्यांची शर्यत, बांबूउडी, भालाफेक, थाळीफेक असे दहा प्रकार. त्यात त्याने ८,४१२ गुण मिळवले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्युगो विझलँडर जवळजवळ ७०० गुणांनी मागे होता. त्या दिवसांतलं एक छायाचित्र आजही पाहायला मिळतं: थॉर्पच्या दोन पायांत दोन वेगळे बूट आहेत. त्याचे बूट कुणीतरी पळवले आणि मिळतील ते घालून तो उतरला, असं सांगतात. राजा गुस्ताव्ह पाचवा याने त्याला जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हटलं. परतल्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याची मिरवणूक निघाली. त्या वर्षी देशातल्या असंख्य मूलनिवासींना अमेरिकेचं नागरिकत्वही नव्हतं. ते सरसकट सगळ्यांना १९२४ मध्ये मिळालं.

१९१३ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एका दैनिकाने बेसबॉलची बातमी छापली आणि चक्रं फिरली. अमेरिकेतल्या हौशी क्रीडा संघटनेचा सूत्रधार जेम्स सलिव्हन. हौशीपणाचा नियम इंग्लंडच्या सधन वर्गाकडून आलेला. पोटासाठी काम करणाऱ्याला मैदानाबाहेर ठेवणं हे त्याचं मूळ. आता सलिव्हनला, कार्लाइलचा अधीक्षक मोझेस फ्रीडमनला आणि वॉर्नरला, तिघांनाही स्वतःची अब्रू वाचवायची होती. आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं फ्रीडमन आणि वॉर्नर यांनी सांगितलं. थॉर्प दोन उन्हाळे कुठे होता, हे त्याच्या प्रशिक्षकाला माहीत नव्हतं, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. बहुतेक चरित्रकारांनीही ठेवलेला नाही. मग थॉर्पच्या सहीचं एक पत्र संघटनेकडे गेलं. आपण साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, या नियमांची जाण नव्हती, इतरांनी तेच खोट्या नावाने केलं, असा त्याचा आशय. पत्र घडवण्यात वॉर्नरचा हात होता, असं अभ्यासक मानतात.

स्टॉकहोमच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की खेळाडूच्या पात्रतेविरुद्धची हरकत स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांत घेतली पाहिजे. सहा महिने उलटून गेले होते. तो नियम कुणीही पुढे केला नाही. पदकं, स्वीडनच्या राजाने दिलेला पुतळा, रशियाच्या झारने दिलेली रत्नजडित नौका, सगळं परत गेलं. नोंदवहीतून त्याचं नाव खोडलं गेलं आणि विझलँडर व नॉर्वेचा फर्डिनांड बी यांना विजेते ठरवलं.

वर्षभरानंतर कार्लाइलच्या विद्यार्थ्यांनीच सह्यांचा अर्ज करून शाळेची चौकशी मागितली. गस वेल्च हा थॉर्पचा फुटबॉलमधला जोडीदार त्यात पुढे होता. १९१४ साली संसदेच्या समितीपुढे साक्षी झाल्या. वॉर्नर खेळाडूंना शिवीगाळ करतो, क्रीडा निधीतून खेळाडूंना पैसे दिले जातात, हे तिथे उघड झालं. ज्या शाळेत खेळाडूला पैसे द्यायची रीत होती, त्याच शाळेने थॉर्पने पैसे घेतले म्हणून धक्का बसल्याचं जगाला सांगितलं होतं. फ्रीडमनला पायउतार व्हावं लागलं आणि वॉर्नरही कार्लाइल सोडून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला. १९१८ मध्ये शाळा बंद पडली. चित्रपटात या चौकशीचा उल्लेखही नाही. माझ्या मते त्याच्या कथेतली सर्वांत मोठी पोकळी हीच.

पुढची वर्षं भराभर गेली. न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल, कँटन बुलडॉग्जकडून सामन्याला २५० डॉलर घेऊन फुटबॉल. एनएफएल या आजच्या व्यावसायिक फुटबॉल लीगची मूळ संघटना १९२० मध्ये उभी राहिली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष म्हणून थॉर्पचंच नाव घेतलं गेलं, कारण त्या नावाला गर्दी जमत होती. १९१८ मध्ये त्याचा लहानगा मुलगा गेला आणि तो घाव त्याने आयुष्यभर वागवला. दारू वाढली, लग्नं मोडली. वय चाळिशीपार गेलं आणि मैदान सुटलं तेव्हा मंदीची लाट आली होती. लॉस एंजेलिसमध्ये त्याने मजुरी केली, कुदळ हातात घेतलेला त्याचा फोटो वर्तमानपत्रांत आला. १९३१ च्या सुमारास स्वतःच्या जीवनकथेचे हक्क त्याने एमजीएम या चित्रपट कंपनीला १,५०० डॉलरना विकले. तो चित्रपट कधी निघालाच नाही. थॉर्प मात्र हॉलिवूडमध्ये लहानसहान भूमिका करत राहिला. चित्रपटांत इंडियन दाखवायचे तर ती कामं इंडियन माणसांनाच मिळावीत, यासाठी तो झगडला. पुढे त्याच्याच भूमिकेत रंग फासलेला गोरा नट उभा राहिला. लँकेस्टरच्या कामाबद्दल मला आदर आहे, तरी हे विसरता येत नाही.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने क्रीडा पत्रकारांचा कौल घेतला आणि त्यांनी शतकाच्या पूर्वार्धातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून थॉर्पला निवडलं, बेसबॉलपटू बेब रूथच्याही वर. त्याच सुमारास हॉलिवूडला खेळाडूंच्या चरित्रांची गोडी लागली होती. १९४२ मध्ये बेसबॉलपटू लू गेरिगवर ‘द प्राइड ऑफ द यांकीज’ आला, १९४९ मध्ये शिकारीच्या अपघातात पाय गमावूनही पुन्हा मैदानात उतरलेल्या माँटी स्ट्रॅटनवरचा ‘द स्ट्रॅटन स्टोरी’. या दुसऱ्या चित्रपटाच्या कथेसाठी डग्लस मॉरोला ऑस्कर मिळालं होतं, आणि थॉर्पच्या पटकथेवरही मॉरोचं नाव आहे.

इथेच गफलत झाली असं मला वाटतं. गेरिगला आजार झाला, स्ट्रॅटनला अपघात झाला. त्यात दोष कुणाचा नव्हता, म्हणून नायकाचं धैर्य एवढाच विषय पुरत होता. थॉर्पवरचं संकट माणसांनी आणलं होतं. त्यांना नावं होती, पदं होती, आणि त्यातले काही १९५१ मध्ये हयात होते. खुद्द वॉर्नर हयात होता. एव्हरी ब्रंडेज हाही होता. स्टॉकहोमला थॉर्पबरोबर पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनमध्ये उतरून हरलेला हा खेळाडू आता अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचा प्रमुख होता आणि पदकं परत द्यायला ठाम नकार देत होता. एवढ्या लोकांना दुखवून लोकप्रिय चित्रपट निघणार नव्हता. तेव्हा यश, आघात, निराशा, उभारी हा ठरलेला साचा राखायचा, तर आघाताचं मूळ थॉर्पच्याच स्वभावात शोधावं लागलं.

चित्रपटातला थॉर्प म्हणूनच हट्टी, रुसणारा, कडवट आहे. प्रशिक्षकाची नोकरी गोऱ्या खेळाडूला मिळते तेव्हा आपण इंडियन म्हणून डावललो गेलो, असं तो म्हणतो. १९५१ च्या हॉलिवूडमध्ये हे वाक्य येणं ही धिटाईच होती आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. पण चित्रपट त्या वाक्याचा पाठपुरावा करत नाही. पुढे मुलगा जातो, नायक पिऊ लागतो, बायको सोडून जाते. तीन बायका आणि आठ मुलं यांच्या जागी पडद्यावर एकच पत्नी आणि एकच मुलगा. आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं तिकीट घेऊन वॉर्नर त्याच्या दारात येतो. प्रत्यक्षात थॉर्पकडे तिकिटाला पैसे नाहीत ही बातमी पसरल्यावर त्याला आपल्याजवळ बसवणारे होते उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस, जे स्वतः कॉ जमातीच्या वंशातले होते. एका मूलनिवासीने दुसऱ्याचा मान राखल्याचा तो क्षण चित्रपटाने वॉर्नरच्या पदरात टाकला. शेवटी ट्रक चालवणारा थॉर्प पोरांना फुटबॉल शिकवू लागतो आणि कटुता सोडतो. म्हणजे बदलायचं होतं ते त्यालाच. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, संसदेने जमातींचा वेगळा दर्जा संपवून त्यांना सर्वसाधारण समाजात मिसळून टाकण्याचं धोरण जाहीर केलं. चित्रपटाचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता, पण दोन्हींना हवा असलेला इंडियन माणूस एकच होता: जुनं विसरणारा.

चित्रपट ऑगस्टमध्ये लागला. नोव्हेंबरात थॉर्पच्या ओठाच्या कर्करोगावर फिलाडेल्फियात शस्त्रक्रिया झाली, तीही धर्मादाय रुग्ण म्हणून. आपल्याजवळ पैसा नाही, असं त्याची पत्नी पॅट्रिशियाने पत्रकारांना सांगितलं. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातल्या लोमिटा इथे, आपल्या ट्रेलरच्या घरात, हृदयविकाराने तो गेला.

चित्रपटाने त्याचं नाव नव्या पिढीपर्यंत नेलं हे खरं. पण पदकांच्या बाबतीत काही हललं नाही. ब्रंडेज १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष झाला आणि १९७२ पर्यंत त्या खुर्चीत राहिला. तो पायउतार झाल्यावर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या हौशी क्रीडा संघटनेने थॉर्पचा हौशी दर्जा परत दिला. मग चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्याची पत्नी फ्लॉरेन्स रिडलन यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ती १९१२ ची नियमपुस्तिका शोधून काढली आणि ३० दिवसांचं कलम समितीपुढे ठेवलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये निर्णय फिरला आणि जानेवारी १९८३ मध्ये पदकांच्या प्रतिकृती थॉर्पच्या मुलांना देण्यात आल्या. मूळ पदकं संग्रहालयांतून चोरीला गेली होती, ती कधीच सापडली नाहीत. तरीही नोंदीत तो ‘संयुक्त’ विजेताच राहिला. १९१३ मध्ये दुसऱ्याचं सुवर्ण स्वीकारायला विझलँडरचं मन तयार नव्हतं. शतक उलटल्यावर त्याच्या कुटुंबीयांनी आणि स्वीडन, नॉर्वेच्या संघटनांनी मान्यता दिली आणि जुलै २०२२ मध्ये थॉर्प दोन्ही प्रकारांचा एकमेव विजेता म्हणून नोंदला गेला. कार्लाइलच्या दफनभूमीतल्या मुलांचे अवशेषही २०१७ पासून त्यांच्या जमातींकडे परत जाऊ लागले आहेत.

थॉर्पचे अवशेष मात्र परत गेलेले नाहीत. १९५३ मध्ये ओक्लाहोमात सॅक अँड फॉक्स रीतीने त्याचे अंत्यविधी सुरू असतानाच पॅट्रिशियाने शवपेटी उचलून नेली. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने स्मारकाच्या निधीला नकार दिला होता. पेनसिल्व्हेनियातली माउक चंक आणि ईस्ट माउक चंक ही दोन हलाखीची गावं पर्यटकांच्या आशेने एक झाली, १९५४ मध्ये त्यांनी ‘जिम थॉर्प’ हे नाव घेतलं आणि देह तिथे पुरला. २०१० मध्ये त्याचा मुलगा जॅक न्यायालयात गेला. तो वारल्यावर बिल आणि रिचर्ड या भावांनी आणि जमातीने खटला चालवला. मूलनिवासींचे अवशेष संग्रहालयांनी परत द्यावेत, या १९९० च्या कायद्याचा त्यांनी आधार घेतला. २०१३ मध्ये ते जिंकले, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयात हरले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. कुटुंबातही एकमत नव्हतं. काही नातवंडांनी शहराची बाजू घेतली, आणि त्या शहराने थडग्याची निगा राखली आहे हेही खरं. तरी अर्ध्यावर थांबलेला तो विधी ओक्लाहोमात पुरा व्हावा, ही मुलांची मागणी मला रास्त वाटते.